आकाशाची रुजुवात

१

गोंदिया शहराच्या ईशान्येस, कामठ्याच्या शिवारालगत, धानाच्या बांध्यांच्या मधोमध जी धावपट्टी आज बिरसी विमानतळ या नावाने ओळखली जाते, ती इंग्रज सरकारने दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४० मध्ये बांधली. आणि योगायोग असा, की नेमक्या त्याच काळात इंग्लंडात लढाऊ विमानांच्या पोटात एक नवी पेटी बसवली जाऊ लागली होती, जिचे काम एवढेच, की जमिनीवरील रडारने हाक घातली असता 'मी आपल्यापैकी आहे' असे उत्तर द्यावयाचे. रडारच्या पडद्यावर शत्रू आणि मित्र यांचे ठिपके सारखेच दिसतात, आणि आपल्याच तोफांनी आपलेच विमान पाडण्याचा प्रसंग त्यामुळे केव्हाही ओढवू शकतो, ही अडचण रडारचे जनक रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी १९३५ मध्येच ओळखली होती. त्या पेटीला सैनिक आपल्या गुप्त बोलीत 'पोपट' म्हणत. आज प्रत्येक प्रवासी विमानात जो ट्रान्सपॉन्डर असतो, तो या पोपटाचाच वंशज होय.

युद्ध संपले, सैन्य गेले, आणि बिरसीची धावपट्टी प्रथम बांधकाम खात्याच्या व पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या दप्तरातील एक नोंद होऊन राहिली. २००५ च्या अखेरीस ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात आली. जिल्ह्याचेच नेते प्रफुल्ल पटेल त्या वेळी केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत येथे धावपट्टीचा विस्तार होऊन वैमानिकांच्या प्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. तेव्हापासून डायमंड जातीची छोटी, शुभ्र, लांब पंखांची शिकाऊ विमाने या भागाच्या आकाशाचा एक नित्य भाग झाली आहेत. प्रवासी विमान मात्र येथे उतरावयास २०२२ चा मार्च महिना उजाडला. ती सेवा फार काळ टिकली नाही, आणि १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबाद व तिरुपतीकडे जाणारी दुसरी सेवा सुरू झाली.

परंतु गोंदियाच्या आकाशाचा हा केवळ तळमजला झाला. त्याच्या वर, तीस-पस्तीस हजार फुटांवर, दिल्लीहून दक्षिणेकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारे हमरस्ते एकमेकांना छेदतात. देशाच्या मध्यभागी असण्याचे हे भाग्य नागपूरला पूर्वीच लाभले होते: ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या गावी परतत. आजची विमाने नागपुरास थांबत नाहीत. पण वरून जातातच, आणि पस्तीस हजार फुटांवरील विमानाचा बिनतारी आवाज, मध्ये डोंगर आडवा न आल्यास, सुमारे चारशे किलोमीटरपर्यंत सरळ रेषेत पोहोचतो. नागपूर, रायपूर, जबलपूर ही तिन्ही विमानतळे गोंदियापासून या परिघाच्या पुष्कळच आत आहेत. त्यामुळे विमानांची दाटी नसलेल्या या जिल्ह्यातील एखाद्या गच्चीवर बसून अर्ध्या मध्य भारताच्या आकाशाची हजेरी घेता येते, आणि त्या हजेरीत प्रवासी विमानांच्या सोबतीने अधूनमधून वायुसेनेचे एखादे मालवाहू विमानही आपला क्रमांक उच्चारून जाते.

तो क्रमांक कोणत्या विमानाचा, म्हणजे शेपटीवर कोणती अक्षरे रंगविलेल्या कोणत्या यंत्राचा, हे पुराव्यानिशी ठरविणे हा जगभरातील काही हजार चिकाटीच्या माणसांचा छंद आहे. या छंदात शौर्य नाही, द्रव्यलाभ तर नाहीच. परंतु खरेखोटे पारखण्याची जी शिस्त तो अंगी बाणवितो, ती आजच्या काळात दुर्मीळ झाली असल्यामुळे त्याचा परामर्श विस्ताराने घेणे अस्थानी ठरणार नाही.

२

प्रथम या क्रमांकांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे, कारण ते एक नसून दोन आहेत. एक क्रमांक चार अंकी असतो. हवाई नियंत्रक तो त्या त्या प्रवासापुरता देतो आणि वैमानिक तो यंत्रात भरतो. त्यात शून्य ते सात एवढेच अंक येत असल्यामुळे एकंदर ४,०९६ क्रमांक होतात. त्यांपैकी ७५०० हा अपहरणाचा, ७६०० हा संपर्क तुटल्याचा आणि ७७०० हा संकटाचा. हा क्रमांक प्रवास संपताच दुसऱ्याच्या वाट्याला जातो. ओळख पटविण्याच्या कामी तो निरुपयोगी होय.

दुसरा क्रमांक मात्र विमानाच्या देहाला चिकटलेला असतो. 'मोड एस' या पद्धतीच्या ट्रान्सपॉन्डरमध्ये चोवीस द्विमान अंकांचा एक पत्ता भरलेला असतो आणि रडारने विचारो वा न विचारो, साधारणतः दर सेकंदास एकदा तो १,०९० मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर प्रक्षेपित होत राहतो. असे १,६७,७७,२१६ पत्ते संभवतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यांची देशवार वाटणी करून दिली आहे. सोळा अंकांच्या गणनपद्धतीत, जिच्यात नवानंतर ए ते एफ ही अक्षरे अंक म्हणून येतात, भारताचा पट्टा ८००००० पासून ८३एफएफएफएफ पर्यंत, म्हणजे २,६२,१४४ पत्त्यांचा आहे. अमेरिकेच्या वाट्यास ए या अक्षराने आरंभ होणारे १०,४८,५७६ पत्ते आले आहेत.

अमेरिकेने आपल्या नागरी विमानांसाठी एक गणिती सूत्र योजिले आहे: एन१ या नोंदणीचा पत्ता ए००००१, आणि तेथून क्रमाने मोजत गेले की एन९९९९९ चा पत्ता एडीएफ७सी७. त्यापुढील सर्व प्रदेश लष्कराचा. त्यामुळे अमेरिकी पत्ता कानी पडताच नागरी विमानाचे नाव कागद-पेन्सिलीने काढता येते आणि लष्करी विमान किमान लष्करी आहे एवढे तरी तत्काळ कळते. भारतात असे सूत्र नाही. व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारी आपली नागरी नोंदणी आणि चोवीस अंकी पत्ता यांचे नाते कोष्टकाने ठरत नाही. ते प्रत्येक विमानाबाबत स्वतंत्रपणे शोधावे लागते. लष्करी विमानांच्या बाबतीत तर हे कोष्टक जाहीर होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हौशी मंडळींच्या संगणकीय सामग्रीत ८००२०० ते ८००२एफएफ हा अवघ्या २५६ पत्त्यांचा तुकडा भारतीय सेनादलांचा म्हणून मांडलेला आढळतो. पण ती मांडणी हौशी लोकांची आहे, राजपत्राची नव्हे, आणि ती तशीच समजून वापरावयास हवी.

आपल्याकडील वाचकास याची कल्पना सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून चटकन येईल. गट क्रमांक उघड आहे, तो बांधावर उभे राहूनही सांगता येतो. परंतु त्यापुढे कोणाचे नाव लागावे हे बांधावरून ठरत नाही, त्यासाठी दस्त लागतो, जबाब लागतो, नोटीस बजावून हरकतींची मुदत द्यावी लागते आणि मगच फेरफार मंजूर होतो. आकाशातील पत्ता हा तो गट क्रमांक, आणि छंदिष्टाचे सारे काम त्या फेरफाराचे.

३

पत्ता ऐकावा कसा, हा प्रश्न पूर्वी महागडा होता. २०१२ च्या सुमारास असे लक्षात आले, की संगणकावर दूरदर्शन पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बोटाएवढ्या स्वस्त उपकरणातील एक विशिष्ट चिप फार मोठ्या पट्ट्यातील वारंवारता ऐकू शकते. पाठोपाठ साल्वातोरे सान्फिलिप्पो या इटालियन संगणककाराने विमानांचे हे संदेश उलगडणारी एक छोटीशी आज्ञावली लिहून सर्वांना विनामूल्य दिली. १,०९० मेगाहर्ट्झची लहर साडेसत्तावीस सेंटिमीटरांची, म्हणून तिच्या चतुर्थांशाची, जेमतेम सात सेंटिमीटर लांबीची तार हीच अँटेना होऊ शकते. ज्या कामासाठी १९४० मध्ये राष्ट्रांच्या तिजोऱ्या खुल्या झाल्या, त्याची ऐकण्याची बाजू अशा रीतीने काही हजार रुपयांत सामान्य माणसाच्या टेबलावर आली.

ऐकू येणारे संदेशही दोन जातींचे आहेत. नागरी विमाने आपला पत्ता, उंची आणि उपग्रहावरून घेतलेले आपले अक्षांश-रेखांश सेकंदाला सुमारे दोनदा स्वतःहून जाहीर करतात. त्यांचा माग नकाशावर आपोआप उमटतो. लष्करी विमान पुष्कळदा केवळ पत्ता आणि उंची सांगून थांबते, स्थान सांगत नाही. अशा वेळी तोच संदेश चार ठिकाणच्या श्रोत्यांनी ऐकला असेल, तर तो प्रत्येकास पोहोचण्यात जो सेकंदाच्या अत्यल्प अंशाचा फरक पडतो, त्यावरून स्थान गणिताने काढता येते. मोठ्या शहरांभोवती असे चार श्रोते सहज मिळतात. जेथे ते विरळ, तेथे विमान आहे एवढेच कळते, कोठे आहे ते कळत नाही. गोंदियासारख्या ठिकाणच्या एकांड्या श्रोत्याच्या वहीत म्हणून बहुधा अशाच नोंदी पडावयाच्या: तारीख, वेळ, पत्ता, उंची, आणि पुढचा रकाना कोरा.

तो रकाना भरण्याची खरी कला येथून सुरू होते. समजा, एका विषम वर्षीच्या फेब्रुवारीत बेंगळुरूजवळच्या येलहंका तळावर एअरो इंडिया प्रदर्शन भरले आहे. तेथील श्रोत्याच्या यंत्रात एक अनोळखी पत्ता दहा वाजून चार मिनिटांनी प्रथम उमटतो आणि त्याची उंची वाढत जाते. त्याच मिनिटाला उडालेल्या मालवाहू विमानाचे छायाचित्र दुसऱ्या कोणी घेतले आहे आणि शेपटीवरील अंक त्यात स्वच्छ वाचता येतात. एवढ्याने संबंध सिद्ध झाला काय? नाही, कारण त्याच मिनिटाला दुसरेही विमान उडाले असू शकेल, छायाचित्रकाराचे घड्याळ पुढे असू शकेल. म्हणून त्या जोडीला 'संभाव्य' असा शेरा मिळतो. पुढे कधीतरी त्याच अंकांचे विमान दुसऱ्या गावी, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाच्या दृष्टीस पडते आणि तेथेही तोच पत्ता ऐकू येतो, तेव्हा शेरा बदलतो. याखेरीज वेग, चढण्याची गती, वळणाची तऱ्हा, जाण्याचे ठिकाण यांवरून विमानाची जात ओळखता येते. एका जातीची अकराच विमाने असतील आणि दहांची नावे लागली असतील, तर अकरावे निरासाने उरते. सरकारच कधी साक्षीदार होते: फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील भूकंपग्रस्तांसाठी वायुसेनेची सी-१७ विमाने अदाना येथे गेली, तेव्हा त्यांची छायाचित्रे अधिकृतरीत्याच प्रसृत झाली होती.

या पुराव्याला दगा देणाऱ्या गोष्टीही थोड्या नाहीत. ट्रान्सपॉन्डरची पेटी बिघडली की ती काढून दुसऱ्या विमानातील पेटी बसविली जाते, आणि पत्ता नव्याने भरण्यास तंत्रज्ञ विसरला, तर एका विमानाचे नाव दुसरेच विमान काही दिवस सांगत राहते. अंक भरताना एखादा अंक चुकतो आणि भारतीय विमान भलत्याच देशाचे भासते. काही सेनादले आपले पत्ते मुद्दाम बदलतात. यास्तव या क्षेत्रातील जाणते लोक प्रत्येक जोडीपुढे ती प्रथम कधी दिसली, शेवटी कधी दिसली आणि तिचा आधार काय, हे तीन रकाने ठेवतात; ज्या यादीत हे रकाने नाहीत, ती कितीही लांब असली तरी तिला ते विश्वसनीय मानीत नाहीत.

४

आता दुसऱ्या बाजूचा, शेपटीवरील नावांचा विचार करू. नागरी विमानांची व्हीटी ही अक्षरे आपल्या परिचयाची आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ज्या पस मॉथ विमानातून कराचीहून मुंबईस टपाल घेऊन आले, त्याची नोंदणी व्हीटी-एडीएन अशी होती. त्याच महिन्याच्या ८ तारखेस स्थापन झालेल्या वायुसेनेने मात्र आपली स्वतंत्र वहिवाट निर्माण केली. एक वा दोन अक्षरे आणि त्यांपुढे तीन किंवा चार अंक, अशी ती पद्धती. सी-१७ या अजस्र मालवाहू विमानांना सीबी-८००१ पासून पुढचे क्रमांक मिळाले. सी-१३०जे जातीची पहिली सहा विमाने केसी-३८०१ ते केसी-३८०६. पंतप्रधान आणि राष्ट्रपती यांच्या प्रवासासाठी २०२० मध्ये आलेली दोन बोइंग ७७७ विमाने के-७०६६ आणि के-७०६७. नौदलाच्या सागरी टेहळणीच्या पी-८आय विमानांवर आयएन-३२० पासूनचे अंक दिसतात. राफेल विमानांत तर अक्षरांनाही माणसांचा संदर्भ आहे: दोन आसनी विमानांवरील आरबी ही अक्षरे एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंह भदौरिया यांच्या, आणि एक आसनी विमानांवरील बीएस ही एअर चीफ मार्शल बिरेंदर सिंह धनोआ यांच्या सन्मानार्थ योजिली गेली.

ही अक्षरे आणि हे अंक कोणास रुक्ष वाटतील. परंतु त्यांच्यामागे माणसे असतात. केसी-३८०३ हे विमान २८ मार्च २०१४ रोजी ग्वाल्हेरनजीक कोसळले आणि त्यातील पाचही जण मरण पावले. के-२७४३ हे अँटोनोव्ह-३२ विमान २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघाले ते बंगालच्या उपसागरावर एकोणतीस जणांसह अदृश्य झाले. अफाट शोधानंतरही त्याचा मागमूस लागेना. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटर अंतरावर, ३,४०० मीटर खोल तळाशी, राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीने घेतलेल्या छायाचित्रांत त्याचे अवशेष ओळखले गेले. ओळखले गेले म्हणजे काय, तर त्या परिसरात दुसरे कोणतेही विमान हरवल्याची नोंद नव्हती म्हणून हे तेच, असा निष्कर्ष काढता आला. समुद्रतळावरील धातूच्या तुकड्यांना नाव देता आले ते कोणीतरी नोंदी चोख ठेवल्या होत्या म्हणून. गोंदियाला या दुःखाची जवळून ओळख आहे: १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्याच्या डोंगरात कोसळले आणि प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघांचाही अंत झाला.

नोंदींचे सामर्थ्य याहूनही निराळ्या रीतीने जगास दिसले आहे. या शतकाच्या आरंभी अमेरिकी गुप्तहेर खाते संशयितांना गुपचूप देशोदेशी हलवीत होते. युरोपातील विमानतळांच्या कुंपणाबाहेर उभ्या राहणाऱ्या छंदिष्टांनी निव्वळ सवयीने टिपलेले नोंदणी क्रमांक आणि छायाचित्रे यांतून त्या उड्डाणांची साखळी जुळत गेली, आणि युरोपीय परिषदेच्या वतीने डिक मार्टी यांनी जून २००६ मध्ये जो अहवाल सादर केला, त्याच्या मागे या प्रकारच्या नोंदींचे बळ होते. विमाने टिपणाऱ्यांना त्या क्षणी त्यांतील प्रवाशांची वार्ताही नव्हती. त्यांनी फक्त तारीख आणि अंक अचूक लिहिले होते.

५

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे, आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात तर तो टाळताच येणार नाही: लष्करी विमानांची अशी टेहळणी देशहिताला बाधक नाही काय?

याचे एक उत्तर असे दिले जाते, की जे विमान स्वतःच आपला पत्ता घोषित करीत चालले आहे ते गुप्त नाही. ज्याला गुप्त राहावयाचे असते तो आपला ट्रान्सपॉन्डर बंद ठेवतो. अमेरिकेत जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित आकाशात स्थानघोषणा सक्तीची झाली, तेव्हा संवेदनशील कामगिरीवरील सरकारी विमानांना ती बंद ठेवण्याची मुभा आधीच देण्यात आली होती. ५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना घेऊन बांगलादेशचे सी-१३०जे विमान हिंडनकडे निघाले, तेव्हा त्याचा माग अक्षरशः जगाने पाहिला. कारण ते विमान तो सांगत होते. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. एक पत्ता, एक दिवस, एक नाव यांत गुपित नसते. परंतु शेकडो दिवसांची रुजुवात केलेली वही कोणते विमान कोठे, किती वेळा आणि केव्हा जाते हे सांगू लागते, आणि असे सांगण्याचा हेतू वही ठेवणाऱ्याच्या मनात नसला तरी ती सांगतेच.

गोंदिया हा नक्षलग्रस्त म्हणून दीर्घकाळ गणला गेलेला जिल्हा. पूर्वेस छत्तीसगड, दक्षिणेस गडचिरोली. या पट्ट्यात २००९ पासून वायुसेनेची हेलिकॉप्टरे जखमी जवानांना जंगलातून बाहेर काढण्याचे काम करीत आली आहेत. अशा हेलिकॉप्टरचा पत्ता कानी पडला, तर तो वहीत लिहिण्याचेही कारण नाही, प्रसिद्ध करण्याचे तर दूरच. पहलगामच्या हत्याकांडानंतर २६ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने सैन्याच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नये अशी सूचना वृत्तमाध्यमांना आणि समाजमाध्यमांवरील सर्वांना दिली. छंदिष्टाने ती आपल्यालाही उद्देशून आहे असे समजणे हेच सुज्ञपणाचे.

कायद्याचेही भान हवे. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आजही जारी आहे. बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यासही परवाना मागणारा १९३३ चा कायदा होता, आणि त्याची जागा घेण्यासाठी आता २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला आहे. दिल्लीच्या विमानतळाजवळील एका हॉटेलातून विमाने टिपणाऱ्या दोन ब्रिटिश पर्यटकांना २०१० मध्ये अटक झाली आणि दंड भरून त्यांची सुटका झाली. तत्पूर्वी नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे बारा ब्रिटिश आणि दोन डच छंदिष्टांवर हेरगिरीचा आरोप आला, ते दोषी ठरले आणि वर्षभराने अपिलात निर्दोष सुटले. या दोन्ही प्रकरणांत जो मुद्दा समान आहे तो असा, की वहीतले अंक लिहिणाऱ्याला निरागस वाटतात, वाचणाऱ्या फौजदाराला तसे वाटतीलच असे नाही. परवान्याची चौकशी आधी करावी, अँटेना नंतर उभारावी.

६

मग गोंदियाच्या एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याने हा नाद लावून घ्यावा की नाही? आमचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्याने लष्करी विमानांपासून आरंभ करू नये. आरंभ बिरसीपासून करावा. तेथील शिकाऊ विमानांच्या अंगावर व्हीटीची अक्षरे आहेत, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदवही सर्वांस खुली आहे. भारतीय पत्ते सूत्राने निघत नसल्यामुळे येथेही जोड पुराव्यानेच लावावी लागते, तथापि येथे विमान वारंवार दिसते, तेच ते आठवड्यातून अनेकदा उडते, आणि आपण काढलेले अनुमान खरे की खोटे हे थोड्याच दिवसांत पडताळून पाहता येते. कोणत्या पुराव्यावर आपण उतावळेपणाने विसंबलो, घड्याळातील किती सेकंदांच्या फरकाने आपल्याला फसविले, निरासाने काढलेले उत्तर कधी खरे ठरले आणि कधी नाही, याचा हिशेब तेथे मिळतो. ज्याची पडताळणी होऊ शकते अशा ठिकाणी ज्याने आपली पद्धत घासूनपुसून घेतली नाही, त्याने जेथे पडताळणीच नाही तेथे दिलेला निर्वाळा कोणी का मानावा?

या छंदाचे मोल त्याच्या यादीच्या लांबीत नाही. 'निश्चित', 'संभाव्य' आणि 'अज्ञात' या तीन शेऱ्यांतील अंतर राखण्याची सवय जडली, तर ती वर्तमानपत्र वाचताना, निवडणुकीची भाषणे ऐकताना आणि भ्रमणध्वनीवर येणाऱ्या प्रत्येक खळबळजनक बातमीपुढेही उपयोगी पडते. आणि चौथाही एक शेरा आहे, जो कोणत्याही संगणकीय कोष्टकात नसतो आणि ज्याची निवड वही ठेवणाऱ्यालाच करावी लागते: 'ज्ञात, परंतु सांगण्याजोगे नाही.' हा चौथा शेरा कोठे लिहावयाचा हे ज्याला कळले, त्याच्या हाती लष्करी पत्त्यांची वही देण्यास हरकत नाही.